‘पुराना मंदिर’चे पाच डबे कुणाच्या दारात ठेवू?

जुने चित्रपट जपण्याचं काम ज्यांनी अंगावर घेतलं आहे, त्या सर्व संस्थांचे संचालक, अधिकारी आणि निवड समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त सिनेमा ऑपरेटर. पहिली सात वर्षं जत्रांमधल्या तंबूच्या सिनेमात मशीन चालवलं, पुढची बावीस वर्षं तालुक्याच्या टॉकीजमध्ये. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. पण गेल्या महिन्यात तुमच्यापैकीच एका संस्थेचं चार ओळींचं उत्तर हातात पडलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे.

मी त्या संस्थेला कळवलं होतं की, आमच्या बंद टॉकीजच्या मागच्या खोलीत ‘पुराना मंदिर’ या १९८४ सालच्या हिंदी भयपटाच्या पस्तीस मिलिमीटर प्रिंटचे पाच डबे पडून आहेत. मूळचे सात होते, दोन कधी गेले ते मलाही ठाऊक नाही. वितरकाचा कारभार केव्हाच आटोपला, प्रिंट परत न्यायला कुणी फिरकलं नाही. आता टॉकीजची जागा विकली गेली आहे आणि पावसाळ्याआधी पत्रे उतरणार आहेत. मला पैसे नकोत, पावती नको. कुणीतरी येऊन रिळं तपासा आणि घेऊन जा, एवढीच विनंती होती. उत्तर आलं की सध्या वारसामूल्य असलेल्या चित्रपटांनाच प्राधान्य आहे, ‘या प्रकारच्या’ चित्रपटांसाठी जागा नाही.

संस्थेचं नाव मी घेत नाही. ती सरकारी की खासगी, तेही सांगत नाही. कारण त्यानंतर मी आणखी तीन ठिकाणी फोन केले आणि सूर सगळीकडे तोच लागला. एका ठिकाणच्या तरुण मुलाने अगदी मनापासून विचारलं, “काका, रामसेंचा सिनेमा? तो कशाला सांभाळलात इतकी वर्षं?” त्याला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

१९८६ चा डिसेंबर. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली होती. आमचा तंबू बैलबाजाराच्या अंगाला. मधे कनात लावून एका बाजूला बाया, एका बाजूला बापे. खाली पोती आणि घोंगड्या, वर उघड्या रानातली थंडी. रात्रीच्या शेवटच्या खेळाला ‘पुराना मंदिर’ लावला होता. मशीनशेजारच्या भोकातून मला पडद्यापेक्षा माणसंच जास्त दिसायची. सामरीचं, म्हणजे त्यातल्या राक्षसाचं, तोंड पहिल्यांदा पडद्यावर आलं तेव्हा शे-दोनशे माणसं एका दमात मागे सरकली, कनातीची दोरी तुटली आणि बाया-बापे एकमेकांत मिसळले. एक बाई मांडीवरच्या पोराचे डोळे पदराने झाकून स्वतः मात्र टक लावून बघत होती. त्रिशूळ दिसला तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हातारीने हात जोडले आणि ती शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. खेळ सुटल्यावर माणसं घोळक्याने गाड्यांकडे गेली, एकट्याने कुणी गेलं नाही. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत, पालीच्या खंडोबाच्या यात्रेत, सगळीकडे हाच अनुभव. ज्या माणसांच्या वाट्याला वर्षातून दोन-चारच सिनेमे यायचे, त्यांनी त्यातला एक म्हणून हा निवडला होता. या माणसांनी पैसे मोजून काय पाहिलं याची नोंद वारशात धरायची की नाही, हा माझा पहिला प्रश्न.

आता रामसे कोण, ते थोडक्यात सांगतो. निवड समितीवरच्या सगळ्यांना माहीत असेल असं मी गृहीत धरत नाही.

फतेहचंद रामसिंघानी हे कराचीचे. तिथे त्यांचं रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून रामसिंघानीचं रामसे झालं. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडला त्यांनी पुन्हा दुकान थाटलं. मग चित्रपट काढायला घेतले. १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ त्यांचा. त्यात पृथ्वीराज कपूर आणि सुरैया, संगीत सज्जाद हुसेन यांचं. हा चित्रपट कुणी दिग्दर्शित केला? विश्राम बेडेकरांनी. ‘रणांगण’ लिहिणाऱ्या बेडेकरांनीच. १९७० साली रामसेंनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, त्याचंही दिग्दर्शन बेडेकरांचंच. हा चित्रपट आपटला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा आणि चिलखतासारखा पोशाख चढवून चोरी करायला शिरतात, गोळ्या लागूनही पडत नाहीत. रामसेंची मुलं टॉकीजमध्ये जाऊन बसली आणि त्यांनी पाहिलं की बाकी वेळ कंटाळलेला प्रेक्षक तेवढ्या एका प्रसंगाला ताठ होऊन बसतो. त्यांनी वडिलांना सांगितलं, आपण सबंध सिनेमाच असा काढू.

हिंदीतल्या भयपटांचा एवढा मोठा कारखाना उभा राहिला तो एका मराठी साहित्यिकाने दिग्दर्शित केलेल्या, पडलेल्या चित्रपटातल्या एका प्रसंगातून. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बेडेकरांना मानाचं पान आहे आणि ते असायलाच हवं. पण हा धागा मला आजवर एकाही शाळामास्तराच्या तोंडून ऐकायला मिळालेला नाही. ‘या प्रकारच्या’ चित्रपटांचा रस्ता तुम्हाला मान्य असलेल्या चित्रपटांच्या अंगणातूनच गेलेला आहे.

पुढे १९७२ साली ‘दो गज ज़मीन के नीचे’. सात भाऊ: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज सांभाळणार, अर्जुन संकलन करणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार. नट आणि तंत्रज्ञ एका बसमध्ये भरून महाबळेश्वरला न्यायचे, तिथल्या विश्रामगृहात उतरायचं, तिथेच चित्रीकरण करायचं. घरच्या बायका स्वयंपाक करायच्या. साडेतीन लाखांच्या आसपास खर्च आणि सुमारे चाळीस दिवसांत सिनेमा तयार. स्टुडिओ नाही, बडा नट नाही. त्या काळात एका मोठ्या नटाच्या मानधनात यांचे चित्रपट उभे राहत. पुढे मुरूडच्या नवाबाचा राजवाडा यांच्या पडद्यावर हवेली म्हणून आला. सदाशिव अमरापूरकर ‘पुराना मंदिर’मध्ये आहेत, विजयेंद्र घाटगे ‘वीराना’त आणि ‘बंद दरवाज़ा’त. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले इंजिनियर होते, पुढे ‘बँडिट क्वीन’मध्येही दिसले. १९८४ ला ‘पुराना मंदिर’, पुढच्या वर्षी त्रिमिती चष्म्याचा ‘सामरी’, मग ‘तहखाना’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’, ‘बंद दरवाज़ा’. १९९३ पासून दूरचित्रवाणीवर ‘ज़ी हॉरर शो’. तेव्हा माझा थोरला शाळेत जात होता आणि त्या मालिकेच्या नुसत्या संगीताने तो पांघरुणात शिरायचा.

हे काम निर्दोष होतं असं मी म्हणत नाही. तुमच्या समितीत कुणाला हे चित्रपट हीन वाटत असतील तर त्यांचं म्हणणं मला समजतं. न्हाणीघरातली दृश्यं कथेला गरज नसताना घातलेली आहेत. बाईचं अंग दाखवून तिकीट विकायचं आणि त्याच बाईला पुढच्या रिळात राक्षसाच्या हाती द्यायचं, हा धंद्याचा हिशोब होता आणि मी तो रोज चार वेळा पडद्यावर पाडत होतो. परदेशी चित्रपटांतली दृश्यं सरळ उचलली आहेत. आणि सगळ्यात जास्त मला खुपतं ते तंत्र-मंत्र आणि चेटकिणीचं. आमच्या भागात भगताच्या सांगण्यावरून एखाद्या विधवेच्या दारात लोक जमायचे. अशा गावात मी ‘वीराना’ लावलेला आहे. ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉक्टर दाभोलकरांनी आयुष्य वेचलं, २०१३ साली पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतरच तो कायदा आला, त्या राज्यात या चित्रपटांनी लोकांच्या डोक्यात काय पेरलं ते तपासायला हवं. अगदी कठोरपणे तपासायला हवं.

पण तपासणार कशावरून?

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

१९९१ साली मी तालुक्याच्या टॉकीजमध्ये होतो. ‘पुराना मंदिर’ पुन्हा लावला होता, हीच प्रिंट. धंदा बसला होता. मालकाने मला केबिनमध्ये एक छोटं भेंडोळं आणून दिलं, सव्वाशे-दीडशे फुटांचं, म्हणजे दीड मिनिटाचं. कुठल्या तरी भलत्याच चित्रपटातला तुकडा. बाईचा चेहरा दिसत नव्हता, बाकी सगळं दिसत होतं. “चौथ्या डब्यात न्हाणीघराच्या सीनला जोड,” म्हणाले. मला नोकरी हवी होती. मी ब्लेडने फिल्म कापली, कडेचा थर खरवडला, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावलं आणि जोडून दिलं. रात्री नऊच्या खेळाला तुकडा चालला, शिट्ट्या पडल्या. सकाळी काढायचा असं ठरलं होतं. ते राहून गेलं. आणि त्या दिवशी सहाच्या खेळाला माझ्या वहिनी शेजारच्या दोघींना घेऊन आल्या.

रात्री ताटावर बसलो तेव्हा वहिनींनी भाकरी वाढताना हळूच विचारलं, “भाऊजी, ते सिनेमातच होतं का तुम्ही घातलंत?” मी मान खाली घालून म्हटलं, “होतंच.” वहिनी पुढे काही बोलल्या नाहीत. पण त्या नटीचं नाव निघालं की तोंड फिरवायच्या. दोन वर्षांपूर्वी वहिनी वारल्या. त्या नटीने ते काम कधी केलंच नव्हतं, हे त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुकडा काढला. पण कापून जोडलेली फिल्म पूर्वीसारखी होत नाही. दोन्ही बाजूंच्या मिळून चार फ्रेम गेल्या आणि जोड राहिला. चौथ्या डब्यात तो आजही बोटाला लागतो.

असे तुकडे किती गावांत किती ऑपरेटरांनी जोडले असतील, याचा हिशोब कुणाकडेच नाही. त्यातले काही निघाले, काही तसेच राहिले. मग त्या प्रिंटवरून व्हिडिओ कॅसेटी निघाल्या, कॅसेटींवरून सीड्या. आज मोबाईलवर याच चित्रपटांच्या निरनिराळ्या लांबीच्या प्रती फिरतात. एकीत दहा मिनिटं कमी, एकीत भलताच तुकडा जास्त, एकीचा रंग उडालेला, एकीचा आवाज मागे-पुढे. दिग्दर्शकाने काय काढलं होतं, सेन्सॉरने काय कापलं होतं आणि माझ्यासारख्याने काय घुसडलं होतं, हे वेगळं करायला मूळ प्रत लागते. ती नसेल तर या चित्रपटांवर टीका करणारा सांगोवांगी बोलतो आणि कौतुक करणाराही सांगोवांगीच. आणि नटींवरचा बट्टा कायमचा राहतो. जतनाचा विषय माझ्यासाठी आवडीनिवडीचा का नाही, ते यावरून तुमच्या ध्यानात येईल.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ‘वारसामूल्य’ या शब्दाबद्दल. हे मूल्य ठरवतं कोण आणि कशावर? मी लेखी निकष मागितले, मिळाले नाहीत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते नावारूपाला आणलं. चांगल्या-वाईटाचा निवाडा संग्राहकाने करू नये, आधी मिळेल ते जमवावं, ही त्यांची धारणा होती. ती अनुभवातून आलेली होती. आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट निघाले, त्यातले आज तिशीच्या आसपास शिल्लक आहेत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आपल्याला अर्धवटच पाहायला मिळतो. १९३१ चा ‘आलम आरा’ आपला पहिला बोलपट, गिरगावच्या मॅजेस्टिकला लागला तेव्हा पोलीस बोलवावे लागले म्हणतात, आज त्याची एक प्रत नाही. त्या काळच्या शहाण्या माणसांनाही हे जपण्यासारखं वाटलं नव्हतं. काळ्या-पांढऱ्या फिल्मा धुऊन चांदी काढली आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या केल्या. तेव्हाचं हे शहाणपण आज आपल्याला कसं वाटतं?

दुसरी तक्रार वेळेबद्दल. “पुढच्या टप्प्यात बघू” हे उत्तर फिल्मला चालत नाही. १९८४ ची प्रिंट ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर आहे. ऊन आणि दमट हवा लागली की ती आतून कुजते, डबा उघडल्यावर आंबूस वास नाकात जातो. हा वास सुरू झाला की मागे फिरत नाही, उलट शेजारच्या डब्यांनाही लागतो. माझ्या पाचपैकी एका डब्याला तो यायला लागला आहे, म्हणून मी तो बाजूला ठेवला आहे. रंग तर कधीच उतरले. निळा आणि हिरवा गेला, सामरीचा काळोख आता गुलाबी दिसतो. पट्टी आखडली की काठाची भोकं मशीनच्या दात्यांवर बसत नाहीत, आणि मग ती प्रिंट कुठल्याही मशीनवर चालत नाही. तुमच्याकडे थंड आणि कोरड्या खोल्या आहेत. माझ्याकडे होती ती पत्र्याची खोली.

तिसरी तक्रार अशी की, हे काम परदेशातल्यांनी केलं आणि आपण हात बांधून बसलो. ‘मोंडो मकाब्रो’ नावाच्या परदेशी कंपनीने या भावांचे चित्रपट डीव्हीडीवर आणले, ‘पुराना मंदिर’सुद्धा. मला त्यांचा राग नाही, उलट उपकारच मानतो. पण पुसेगावच्या यात्रेत बघितलेला सिनेमा नीट बघायचा तर तबकडी परदेशातून मागवायची, ही गोष्ट मला लागते.

चौथी तक्रार माणसांबद्दल. तुलसी २०१८ ला गेले, श्याम २०१९ ला, कुमार २०२१ ला, गंगू २०२४ ला. आता उरले असतील ते दिवे धरणारे, मुखवटे करणारे, धूर सोडणारे, पोस्टर रंगवणारे, आणि त्या नट्या. त्यातल्या कितीजणींना कुणी विचारलं, की बाई, तुम्हाला काय सांगून सेटवर बोलावलं होतं? पैसे पूर्ण मिळाले का? पडद्यावर जे आलं ते तुम्हाला ठाऊक होतं का? दिग्दर्शकांच्या मुलाखती निघतात, पुस्तकंही निघाली. ज्यांच्या अंगावर हे चित्रपट विकले गेले, त्यांची बाजू कागदावर आलेली मला दिसत नाही. त्याच हयात आहेत तोवर हे होईल, नंतर नाही.

शेवटची तक्रार लहान आहे. आम्हा ऑपरेटरांना या सगळ्यात कुणी मोजतच नाही. कुठल्या प्रिंटला कुठे जोड आहे, कुठलं रीळ कुठल्या गावी फाटलं, हे आम्हाला पाठ असतं. डिजिटल आल्यावर मशीनं भंगारात गेली आणि आमचं ज्ञानही त्याबरोबर वजनावर गेलं. माझ्या ओळखीत अजून सहा-सात जुने ऑपरेटर आहेत. सगळ्यांची साठी उलटलेली आहे.

यावर तुमच्याकडून मला काय हवं आहे, ते स्पष्ट लिहितो.

प्रिंट स्वीकारण्याचे आणि नाकारण्याचे तुमचे निकष लेखी जाहीर करा. ‘या प्रकारचे’ हा शब्द त्यात नको. प्रिंटची अवस्था, दुर्मीळपणा आणि पूर्णपणा बघा, चित्रपटाची अब्रू बघू नका. जागा कमी आहे हे मला मान्य आहे. मग ज्यांची दुसरी धड प्रत कुठेच नाही त्या आधी घ्या, तो चित्रपट देवादिकांचा असो की भुताखेतांचा.

बंद पडलेल्या टॉकीजांची तालुकावार पाहणी करा. मोठा खर्च नाही. दोन जाणकार माणसं, एक गाडी आणि रिळं तपासायचं एक टेबल. पश्चिम महाराष्ट्रात कुठल्या टॉकीजच्या माळ्यावर डबे असू शकतात, ती यादी आम्ही जुने ऑपरेटर बसून करून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही. यंदाच्या पावसाळ्याआधी निदान सातारा, सांगली आणि सोलापूर एवढं तरी उरका.

प्रत्येक प्रिंटबरोबर सेन्सॉरचं प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी जपा. लोकांना पडद्यावर फक्त पुढची बाजू दिसते. त्या कागदावर खाली त्रिकोण असला तर चित्रपटाला कात्री लागली असं आम्ही समजायचो, आणि काय काय कापलं त्याची यादी दुसऱ्या भागात असते. ही यादी अभ्यासकांना मोफत बघायला मिळाली पाहिजे. मूळ किती, कापलेलं किती आणि बाहेरून घुसवलेलं किती, हे तिच्याशिवाय कळणार नाही.

या चित्रपटांत काम केलेल्या स्त्रियांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. प्रश्न विचारायला बायकाच पाठवा. ज्यांना बोलायचं नसेल त्यांना त्रास देऊ नका. ज्या बोलतील त्यांचं म्हणणं त्या त्या चित्रपटाच्या नोंदीला जोडून ठेवा, म्हणजे पुढे चित्रपट बघणाऱ्याला दोन्ही एकत्र मिळेल.

आणि हे चित्रपट दाखवाल तेव्हा उघडपणे दाखवा. प्रौढांसाठी दाखवा, पण मध्यरात्रीच्या थट्टेचा खेळ म्हणून नको. हल्ली शहरांत तरुण मंडळी हे चित्रपट हसण्यासाठी लावतात असं ऐकतो. त्यांनी हसावं, त्याला माझी ना नाही. पण त्याच दिवशी त्याच पडद्यासमोर अंधश्रद्धा निर्मूलनाचा एखादा कार्यकर्ता उभा राहू दे, एखादी स्त्री अभ्यासक उभी राहू दे आणि ज्याने हा सिनेमा जत्रेत बघितला असा एखादा म्हातारा शेतकरीही. तिघांना बोलू द्या.

माझ्या पाच डब्यांबद्दल सांगतो. ही प्रिंट माझी नाही हे मला माहीत आहे. तिच्यावर हक्क सांगणारं कुणी असेल तर त्यांनी न्यावी, मी त्याच दिवशी हातात देईन. तोवर मी डबे घरी आणले आहेत. माजघरात, भिंतीपासून हातभर लांब, लाकडी पाटावर ठेवले आहेत. वास येणारा डबा वेगळ्या खोलीत आहे. रोज सकाळी झाकण उघडून हवा देतो. यापेक्षा जास्त मला जमत नाही, आणि वळवाची पहिली सर आली की हेही पुरणार नाही.

तुमच्यापैकी कुणीही या. अगोदर फोन केलात तर स्टँडवर घ्यायला येईन. येताना रिळं गुंडाळायचा रिवाइंडर आणा, माझा मोडला आहे. चौथा डबा आपण सोबत उघडू. तो जोड कुठे आहे ते मी बोट ठेवून दाखवतो. तुम्ही तुमच्या नोंदवहीत लिहून घ्या की इथे चार फ्रेम नाहीत, त्या दिग्दर्शकाने काढलेल्या नाहीत, सेन्सॉरनेही नाहीत. त्या कुणी कापल्या आणि त्या जागी दोन दिवस काय होतं, ते मी माझ्या सहीने लिहून देतो.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक जुना ऑपरेटर